नगराचे आरोग्य : बेळगाव–निपाणी परिसरातील आरोग्यतपासणीचा मागोवा



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने गटारे, शेतखाने आणि आरोग्यतपासणी हा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. तसे ते वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु भाषेचा अभ्यासक शब्दांच्या मागे जातो, आणि काही शब्दांच्या मागे प्रामाणिकपणे गेले तर वाट देवळाकडे किंवा दरबाराकडे न जाता थेट गावाच्या मागल्या बोळात जाते. शिवाय ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या पिढीने शाळेत पहिल्या तासाला नखे आणि कपडे तपासले होते. ती तपासणी आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. मुलाची नखे तपासण्याचा गुरुजींना अधिकार आहे, हे आपण मानले. मग नगराची नखे कोणी तपासावी, कोणत्या अधिकाराने तपासावी, आणि तपासणीत घाण आढळली तर ती काढावी कोणी? या तीन प्रश्नांच्या आधारे बेळगाव–निपाणी परिसराच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहण्याचा माझा आज प्रयत्न आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम आपल्या बोलीकडे वळू. कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत, त्वचेवर उठणाऱ्या घातक फोडांना देवी म्हणत, आणि लस टोचण्याला 'देवी काढणे' म्हणत. गावाच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असे. रोग हा कोप आहे आणि कोपाची शांती करावयाची असते, ही समजूत या शब्दांत साठलेली आहे. प्लेग मात्र आला तो स्वतःचे परदेशी नाव घेऊन. त्याला लोकांनी 'गाठीचा ताप' म्हटले, पण देवत्व सहसा दिले नाही. 'प्लेगच्या साली' हा वाक्प्रचार आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी कालगणनेसारखा येई.

दुसरी जोडी 'सोवळे' आणि 'स्वच्छ' यांची. सोवळ्याचा संबंध स्पर्शाशी आणि स्वच्छतेचा मळाशी. हे दोन शब्द आपण इतके सहज एकमेकांच्या जागी वापरले की त्यांतील अंतर दिसेनासे झाले. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या घराची मोरी रस्त्यावर वाहत असे आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नसे, कारण उंबरठ्याच्या बाहेरची जमीन आपली नव्हे ही धारणा पक्की होती.

तिसरा शब्द 'हलालखोर'. मुंबई इलाख्यातील नगरपालिका शेतखाने साफ करण्यासाठी जी पट्टी घेत, तिला हलालखोर पट्टी म्हणत. हलाल म्हणजे विहित, न्याय्य. हलालखोर म्हणजे प्रामाणिक कष्टाची भाकरी खाणारा. शब्दाने त्या माणसाला प्रामाणिक म्हटले आणि समाजाने त्याला वेशीबाहेर ठेवले. जुन्या पेठांतून घरांच्या पिछाडीला जो अरुंद बोळ असे, त्याला लोक भंगीबोळ म्हणत. घरातील कोणीही त्या बोळात पाऊल टाकत नसे. तेथून केवळ मैला वाहणारा माणूस येई आणि जाई. नगररचनेनेच त्याला अदृश्य केले होते. या अदृश्य माणसाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

२. एक गाव, तीन कारभार

हिंदुस्थानात सार्वजनिक आरोग्याची सरकारी व्यवस्था सुरू झाली ती नागरिकांच्या काळजीने नव्हे, तर सैनिकांच्या मृत्यूंमुळे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली राजनियुक्त आयोग नेमला गेला. १८६३ साली त्याचा अहवाल आला. दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला सुमारे ६९ जण मरत होते आणि त्यांतले बहुसंख्य रणांगणावर नव्हे, तर रोगाने मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या प्रश्नाचा अखेरपर्यंत पाठपुरावा केला. १८६४ साली बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी कमिशने स्थापन झाली. पुढे सॅनिटरी कमिशनर हे पद रूढ झाले आणि त्याच्या वार्षिक अहवालांतून गावोगावच्या विहिरी, गटारे, यात्रा आणि मृत्यू यांची नोंद होऊ लागली.

बेळगाव हे लष्करी ठाणे असल्यामुळे या व्यवस्थेचा स्पर्श आपल्याला लवकर झाला. येथील नगरपालिकाही जुनी. १८५० च्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली आणि बेळगावची नगरपालिका १८५१ साली अस्तित्वात आली. पुढे १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर १८८४ साली आणि मग १९०१ साली जिल्हा नगरपालिकांचे कायदे झाले. रस्ते झाडणे, गटारे व शेतखाने राखणे, उपद्रवकारक धंद्यांवर नियंत्रण ठेवणे, देवी काढण्याची व्यवस्था करणे ही नगरपालिकेची कर्तव्ये ठरली.

कागदावर हे सर्व नीट दिसते. परंतु बेळगावची भूमी कागदापेक्षा गुंतागुंतीची होती. किल्ला आणि कँप यांचा कारभार लष्करी छावणीच्या नियमांनी चाले. मधल्या पेठा नगरपालिकेच्या ताब्यात होत्या. आणि लागूनच असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानाचे होते. माणूस पायी तासाभरात या तिन्ही राज्यांतून फिरून घरी येई. एका हद्दीतला निरीक्षक दुसऱ्या हद्दीत उकिरडा दिसला तरी नोटीस देऊ शकत नव्हता. पाणी मात्र उताराने वाहते; त्याला ब्रिटिश आणि संस्थानी हा भेद ठाऊक नसतो. उंदरालाही नसतो. निपाणीची स्थिती थोडी निराळी. ते ब्रिटिश हद्दीतले व्यापारी गाव, पण पलीकडे कागल आणि कोल्हापूर संस्थान. सरहद्दीवर राहणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला १९५६ साली प्रथम कळले असे नाही. आरोग्याच्या बाबतीत आपण त्याआधी शंभर वर्षे सरहद्दीवरच राहत होतो.

तपासणी चाले कशी, हेही सांगितले पाहिजे. नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर सकाळी मुकादमाला घेऊन पेठेत फेरी मारी. मोरी तुंबलेली आहे काय, शेतखान्याची टोपली भरून वाहते काय, विहिरीच्या काठावर धुणे होते काय, जनावरे कोठे बांधली आहेत, खाटकाचे मांस झाकलेले आहे काय, हे तो पाही आणि वहीत टिपी. दोष आढळल्यास घरमालकाला नोटीस जाई, मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मॅजिस्ट्रेटपुढे दंड होई. यांपेक्षा महत्त्वाची एक वही कचेरीत असे, ती जन्म-मृत्यूची. कोणत्या पेठेत कोणत्या आठवड्यात किती मृत्यू झाले, हे त्या वहीवरून कळे आणि साथ उंबरठ्याशी आल्याची पहिली वर्दी बहुधा तेथूनच मिळे. आपल्याकडे इतिहास लिहिताना बखरी वाचतात. माझ्या मते मृत्यूची नोंदवही ही कोणत्याही बखरीपेक्षा सत्यवादी असते.

३. प्लेग आणि घराचा उंबरठा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. हा कायदा आकाराने लहान, पण अधिकाराने प्रचंड होता. प्रवाशांची तपासणी, घरझडती, रोग्याला सक्तीने हलवणे, घर रिकामे करणे हे सर्व त्यामुळे सरकारच्या हाती आले. पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांनी झडतीसाठी गोरे सैनिक वापरले. देवघरात बुटांनी शिरणे, स्त्रियांची परपुरुषांनी तपासणी करणे, सामान जाळणे या गोष्टींनी लोक संतप्त झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून शिकतो. तो आरोग्यव्यवस्थेचाही इतिहास आहे. लोकांचा विश्वास नसेल तर तपासणी ही आक्रमण ठरते आणि लोक रोगी लपवू लागतात. लपवलेला रोगी हाच साथीचा खरा मित्र असतो. पुढच्या वर्षीपासून सरकारलाही सक्तीचा हात सैल करावा लागला.

त्याच पुण्यात त्याच वर्षी दुसरे उदाहरणही घडले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. रोग्याच्या दाराशी जाण्याचे हे दोन मार्ग एकाच गावात एकाच वेळी दिसावेत, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

दक्षिणेकडे प्लेग आला तो रेल्वेच्या आणि धान्याच्या गोणींच्या वाटेने. बेळगाव, धारवाड, हुबळी हा सारा पट्टा त्याने व्यापला. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. तिचा मोठ्या प्रमाणावरचा उपयोग आपल्या शेजारी हुबळीत १८९८ साली झाला. तेथे डॉ. ल्यूमन यांच्या देखरेखीखाली हजारो नागरिकांनी लस टोचून घेतली आणि हुबळीचा दाखला पुढे सर्वत्र दिला जाऊ लागला. उलट १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे दूषित लशीमुळे १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि कमावलेला विश्वास एका दिवसात डळमळला. आरोग्यकार्यात विश्वास थेंबाथेंबाने साठतो आणि घागरीने सांडतो.

४. बेळगावचे उंदीर

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण रोग पसरतो कसा हे कळायला वेळ लागला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवले, तेव्हा फारशा कोणी मान डोलावली नाही. त्यामुळे सुरुवातीची सर्व तपासणी 'घाण' आणि 'दूषित हवा' यांच्या कल्पनेवर चालली. भिंतींना चुना फासला गेला, जमिनीवर जंतुनाशके ओतली गेली, ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली गेली, बिछाने जाळले गेले. यांतल्या पुष्कळशा खटाटोपाचा प्लेगशी संबंध थोडा होता.

१९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळ येथे एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. पिसवा झालेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले. हवा दोघांनाही एकच होती. फरक एवढाच की पिसवेची उडी दोन फूट जात नाही. हवेला, भिंतीला आणि माणसाच्या जातीला इतके दिवस दिलेला दोष एका कीटकाच्या उडीने पुसून टाकला.

या संशोधनात बेळगावचा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९०८ ते १९१० या काळात बेळगावात प्लेगची शास्त्रीय निरीक्षणे करण्यात आली आणि ती आरोग्यशास्त्राच्या केंब्रिजच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा निरीक्षणांची पद्धत चिकाटीची असते. उंदीर पकडावयाचे, मेलेल्या उंदरांची शवचिकित्सा करावयाची, त्यांच्या अंगावरील पिसवा मोजावयाच्या आणि या आकड्यांचा माणसांतल्या रोगाच्या तारखांशी मेळ घालावयाचा. त्या वेळेपर्यंत एक गोष्ट ध्यानात आली होती. मुंबईत प्लेगचा जोर जानेवारीपासून एप्रिलपर्यंत असे, तर आपल्या भागात तो पावसाळ्याच्या मध्यापासून चढे. पिसवेला बेताची उष्णता आणि दमट हवा मानवते, कोरडा कडक उन्हाळा सोसत नाही. म्हणून एकच रोग मुंबईत एका ऋतूत आणि बेळगावात दुसऱ्या ऋतूत येई.

१९०१ च्या शिरगणतीत छावणीसह बेळगावची लोकसंख्या ३६,८७८ होती. एवढ्या लहान गावाच्या उंदरांनी जगाच्या ज्ञानात भर घातली, याचा अभिमान बाळगावा की नाही हे मी आपल्यावर सोपवतो! परंतु यातून एक बोध निश्चित निघतो. शास्त्र निश्चित होण्याच्या आधीपासून आपल्या शेतकऱ्याला एक उपाय अनुभवाने कळला होता. घरात उंदीर पडू लागले की कुटुंबे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. या उपायाला तेव्हा कोणी शास्त्रीय म्हटले नाही. पण उंदीर आणि पिसू यांना मागे टाकून जाणे हाच त्या काळातला उत्तम उपाय होता. शहरांनीही पुढे हेच केले. बंगळूरमध्ये बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वसाहती १८९८ च्या प्लेगनंतर वसल्या, आणि मुंबईत त्याच साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मोकळी हवा, रुंद रस्ते आणि घराभोवती जागा ही नगररचना प्लेगने शिकवली.

५. देवीची लस आणि ठळकवाडीचे मैदान

ठळकवाडी, म्हणजे आजच्या टिळकवाडीतले, व्हॅक्सिन डेपोचे मैदान आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कित्येकांनी तेथे क्रिकेट खेळले असेल, कित्येक आज सकाळी तेथे फिरायला जातात. या नावामागचा इतिहास मात्र विसरला गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे देवीची लस तयार होत असे आणि ती मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी पाठवली जाई.

हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर बराच काळ ही लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी नेली जाई. त्यात दुसरे रोग पसरण्याची भीती होती आणि परजातीच्या दंडावरचा स्राव आपल्या मुलाला नको, ही अडचणही होती. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवून, ती खरवडून, ग्लिसरीनमध्ये घोटून नळ्यांत भरण्याची रीत आली. उन्हात ही लस लवकर निरुपयोगी होते, म्हणून थंड हवेच्या ठिकाणाला महत्त्व होते. बेळगावच्या हवेचे वर्णन आपले साहित्यिक नेहमी काव्यात्म करतात. तिचा सर्वांत मोठा उपयोग मात्र या लशीला झाला असावा. देवीच्या डॉक्टरला पाहून पोरे माळ्यावर लपत, ही आठवण माझ्या पिढीत सर्वसाधारण होती. त्याच टोचणीमुळे भारतात देवीचा अखेरचा स्थानिक रोगी १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. माणसाने समूळ नष्ट केलेला माणसांतला हा एकमेव रोग आहे, आणि त्या कार्याची एक लहानशी वीट आपल्या गावची आहे.

६. १९२४ : अधिवेशनाची मागली बाजू

डिसेंबर १९२४ मधील बेळगावचे काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेमुळे इतिहासात अजरामर झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांचे नियोजन, डॉ. हर्डीकर यांचे सेवादल, पाण्यासाठी खोदलेली आणि आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून ओळखली जाणारी विहीर, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तुमचे लक्ष अधिवेशनाच्या मागल्या बाजूकडे वेधू इच्छितो. हजारो माणसे माळावर राहणार, तर त्यांच्या मलमूत्राची व्यवस्था काय? या कामाची जबाबदारी काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती. कालेलकरांचे घराणे याच भागातले, बेळगुंदीचे. नगरपालिकेचे सफाई कामगार होतेच. पण त्यांच्यावर सारा भार न टाकता स्वयंसेवकांची स्वतंत्र तुकडी या कामासाठी उभी राहिली आणि तीत बरेच जण ब्राह्मण होते. १९२४ सालच्या बेळगावात हे घडणे म्हणजे काय, याची कल्पना जुन्या पिढीला सहज येईल.

याच मुक्कामात नगरपालिकेच्या मानपत्राला उत्तर देताना, पश्चिमेकडून आपण शिकलेच पाहिजे असे काही असेल तर ते नगरस्वच्छतेचे शास्त्र होय, अशा आशयाचे विचार गांधीजींनी मांडले. पाश्चात्त्य सुधारणेवर एवढी कठोर टीका करणाऱ्या माणसाचे हे उद्गार आहेत, हे विसरू नये. त्यांचा अनुभवही जुना होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा राजकोटात ते स्वतः शेतखान्यांची तपासणी करणाऱ्या समितीत होते. गरिबांनी त्यांना दारात अडवले नाही. सुखवस्तू घरांनी अडवले आणि तेथलेच शेतखाने अधिक काळोखे व दुर्गंधीचे निघाले. अस्पृश्य वस्तीतली सारवलेली अंगणे मात्र स्वच्छ होती. सोवळे आणि स्वच्छता यांतला जो भेद मी आरंभी सांगितला, त्याचा यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

७. निपाणी : वखारीतली हवा

निपाणीचे नाव घेतले की तंबाखू आठवते. तंबाखूने या गावाला पैसा दिला, बाजारपेठ दिली, १९८१ सालचे शेतकरी आंदोलनही दिले. परंतु आरोग्याच्या दृष्टीने निपाणीचा प्रश्न रस्त्यावरचा नव्हता. तो वखारीच्या चार भिंतींच्या आत होता. तंबाखू चाळणे, निवडणे, कुटणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत. बंद जागेत उडणारी तिखट भुकटी, तोंडावर बांधलेला पदर, खोकला, आणि दिवसभराच्या कामानंतर अंगाला येणारा तो वास हे त्यांचे जीवन होते.

नगरपालिकेच्या निरीक्षकाची वही वखारीच्या दाराशी संपत असे. तेथून पुढे कामगार कायद्याची हद्द सुरू होई. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने स्वच्छता, हवा, पिण्याचे पाणी, शौचालये, पाळणाघरे यांचे नियम घातले आणि निरीक्षकही नेमले. पण स्वतःच्या घरात स्वतःपुरत्या विड्या वळणारे कुटुंब त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. तपासणीचे नियम जेवढे कडक, तेवढे काम तपासणीबाहेरच्या घरांत सरकते, हा अनुभव जगभरचा आहे. निपाणीच्या स्त्रियांनी मात्र निरीक्षकाची वाट पाहिली नाही. त्या संघटित झाल्या, संपावर गेल्या, आणि त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपट केला. ज्याला रोगाची झळ लागते त्यानेच तपासणीची मागणी करावी, हा तपासणीच्या इतिहासातला नवा टप्पा म्हटला पाहिजे. आरंभी निरीक्षक लोकांकडे जात होता; येथे लोकांनी निरीक्षकाला बोलावले.

८. वहीत नाव नसलेला माणूस

आता त्या भंगीबोळातल्या माणसाकडे येतो. सॅनिटरी कमिशनरांच्या अहवालांत टोपल्यांची, गाड्यांची आणि पट्टीच्या रकमेची नोंद सापडते. ते काम करणाऱ्याचे नाव सापडत नाही. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५२ साली तिचा अहवाल आला. त्या वेळी आपला जिल्हा मुंबई राज्यातच होता. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य या कामाला वाहिले आणि मैल्याचे खत करणारे साधे शौचालय लोकांना दिले. १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात आलो. तेथे १९७० च्या दशकात बी. बसवलिंगप्पा या मंत्र्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी आणली. केंद्राचा कायदा १९९३ साली आणि अधिक व्यापक असा दुसरा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला; २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. नुकसानभरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. टोपली गेली, पण माणसाला भुयारी गटारात उतरवणे पुरते गेले नाही.

दरम्यान साथी यायच्या थांबल्या नाहीत. १९९४ साली सुरतेत प्लेगची भीती पसरली, तेव्हा लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. पुढे त्याच सुरतेने अधिकाऱ्यांना कचेरीतून रस्त्यावर उतरवून स्वच्छतेत नाव कमावले. २०२० साली करोना आला आणि १८९७ चा तोच जुना साथरोग कायदा देशाने पुन्हा हाती घेतला. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर प्रवाशांचे दाखले तपासले जाऊ लागले. कोल्हापूरला लेक आणि निपाणीला आई अशी आपली कुटुंबे. सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे स्थानकावर वैद्याने नाडी पाहिली त्याचीच ही पुनरावृत्ती होती. तपासणी आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु जेथे तिचे कारण समजेल अशा भाषेत सांगितले गेले तेथे लोकांनी ती स्वीकारली आणि जेथे केवळ हुकूम आला तेथे आडवाटा शोधल्या. आपल्या भागात भाषेचा प्रश्न निघाला की वाद निघतो. मी येथे वाद काढत नाही. एवढेच सुचवतो की 'आरोग्य' आणि 'निरीक्षक' हे दोन्ही शब्द मराठीत आणि कन्नडात सारखेच आहेत. गटार म्हणा की चरंडी म्हणा, ती तुंबली तर दुर्गंधी दोन्ही भाषांत एकच येते. आरोग्याची सूचना मात्र ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता आली पाहिजे. ही सवलत नव्हे, तो साथ रोखण्याचाच एक भाग आहे.

आज बेळगाव महानगर झाले आहे. १९७६ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली नाव बदलले, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवड झाली. राकसकोपचे आणि हिडकलचे पाणी नळाने घरात येते. आलेले पाणी मात्र घाण होऊन कोठे जाते, हा प्रश्न बळ्ळारी नाला आपल्याला दर पावसाळ्यात विचारतो. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो शहापूर–वडगावच्या शिवारात शिरतो, आणि ज्या शेतांतल्या बासमतीचा सुवास आपण अभिमानाने सांगतो त्याच शेतांत पसरतो. शहराचा कचरा तुरमुरीला जातो. तुरमुरीच्या माणसाला त्याचे काय वाटते, हे आपण किती वेळा विचारले? भंगीबोळ घराच्या पिछाडीला होता. आता तो शहराच्या पिछाडीला गेला आहे. बोळ लांबला, मनोवृत्ती तीच राहिली.

समारोप

आरंभीच्या तीन प्रश्नांची माझी उत्तरे आता थोडक्यात सांगतो. नगराची तपासणी कोणी करावी? ज्याला शास्त्र कळते त्याने. पण शास्त्र बदलते हे ज्याला कळते त्याने. कोणत्या अधिकाराने करावी? कायद्याचा अधिकार हवाच. पण पुणे आणि हुबळी यांची तुलना सांगते की विश्वासावाचून तो अधिकार दारापर्यंतच पोहोचतो, घरात शिरत नाही. आणि घाण कोणी काढावी? जो करतो त्याने, आणि त्याला मदत लागेल तेव्हा यंत्राने. कोणा एका जातीने नव्हे, आणि जिवाच्या मोलाने तर कधीच नव्हे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपणांपैकी अनेक जण वैद्य आहेत, अभियंते आहेत, काही नगरसेवकही असतील. शाळेने आपल्या प्रकल्पांत एक गोष्ट घ्यावी. नववीच्या मुलांनी आपल्या शाळेच्या सांडपाण्याचा मार्ग नाल्यापर्यंत आणि नाल्यापासून शेतापर्यंत पायी चालून नकाशावर काढावा. वाटेत जो सफाई कामगार भेटेल त्याचे नाव विचारावे, आणि त्याची संमती असेल तर ते नकाशावर लिहावे. दीडशे वर्षांच्या वह्यांत जे नाव राहून गेले ते शाळेच्या वहीत तरी यावे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या शिक्षकांना असा नकाशा फुलांच्या हारापेक्षा अधिक आवडला असता, असे मला वाटते.